सर्वांना सारखी वेळ

मुलांनो, कल्पना करा, एक संस्था आहे. तिथे सगळे समान आहेत. इतके समान, की साहेब कुणीच नाही. संचालकांना ‘दादा’ म्हणायचं आणि विभागप्रमुखांना ‘ताई’. फरशी पुसणाऱ्या बाई तेवढ्या ‘मावशी’.

या संस्थेने ठराव केला. प्रत्येक वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला महिन्यातून एकदा समोर बसवून विचारावे, ‘तुम्हाला इथं सामावून घेतल्यासारखं वाटतं का?’ आणि दहापैकी गुण घ्यावेत. वेळ साडेचार, सर्वांना सारखी.

मावशींची मुलगी दुसरीत होती, आणि तिची शाळाही साडेचारलाच सुटायची.

“ताई, माझं चारला उरकून टाका ना. पोर फाटकात एकटी उभी राहते.”

“मावशी, किती मोकळेपणानं बोललात!” ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी ‘मोकळेपणा’ या रकान्यात खूण केली. वेळेसाठी रकाना नव्हता. “आता गुण सांगा.”

मावशींनी भीत भीत सहा दिले.

आठाच्या खाली गुण आले तर बैठक दर आठवड्याला घ्यावी, असा नियम होता. म्हणून मुलगी दर आठवड्याला फाटकात उभी राहू लागली. मावशी शहाण्या झाल्या. पुढच्या खेपेला बसायच्या आधीच म्हणाल्या, “दहा! दहापैकी दहा!”

ताईंनी आवाज खाली आणला. “कुणी दबाव आणला तुमच्यावर?”

“कुणी नाही हो. लवकर सुटका व्हावी म्हणून म्हटलं.”

दबावाखाली दिलेल्या गुणांसाठी नियम अधिक कनवाळू होता. बैठक रोज.

मावशी दादांकडे गेल्या. दादा कळवळून म्हणाले, “तुम्हाला वेगळी वेळ दिली, तर तुम्हाला वेगळं पाडल्यासारखं होईल. हे पाप माझ्या हातून घडायचं नाही.”

नवव्या दिवशी शाळेच्या शिपायाने फाटकाला कुलूप लावलं, आणि मुलगी दोन चौक नि एक हमरस्ता ओलांडून एकटीच कार्यालयात आली. मावशींनी धावत जाऊन तिला जवळ ओढलं. ताईंना मात्र आनंद झाला. या बैठकांच्या अहवालात लहान मुलांचा आवाज आजवर आलाच नव्हता. दादांना बोलावलं, सगळे जमले, मुलीला खुर्चीवर बसवलं.

“सांग बाळ, इथं कसं वाटतंय तुला?”

मुलीने घड्याळाकडे पाहिलं. “माझी शाळा सुटली. आईची कधी सुटणार?”

खोलीत हशा पिकला. काय गोड पोर! दादांनी ते वाक्य भिंतीवर लावण्यासाठी लिहून घेतलं. तुम्हीही हसलात ना? त्या खोलीतली माणसंही तुमच्याइतकीच भली होती.

मुलगी हसली नाही. तिने खाली उडी मारली, खुंटीवरची आईची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि आईचं बोट धरलं. मावशी परवानगीसाठी ताईंकडे पाहू लागल्या, तेव्हा मुलीने आईला दोन्ही हातांनी दाराकडे ओढलं.