सहा बैठकांचा धक्का

स्वतःच्या मांडीची मागची बाजू माणसाला दिसत नाही, ही निसर्गाने केलेली फार मोठी सोय आहे. ती मोडून काढण्यासाठीच पुढे आरसे, कॅमेरे आणि त्वचा-सौंदर्य केंद्रं निघाली.

तरणतलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाईंच्या मांड्या एकवीस वर्षं सगळं गाव पाहत होतं. कोणाची तक्रार नव्हती. मग कपडे बदलायच्या खोलीत एका केंद्राचं पत्रक लागलं आणि बाईंना कळलं, की आपल्याला सेल्युलाईट आहे. म्हणजे कातडीखालच्या चरबीने पडलेले खळगे. दुखत नाहीत, खुपत नाहीत. (इतकी निरुपद्रवी गोष्ट उपचाराविना सोडणं केंद्राच्या मनाला पटेना.)

घरी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "माझ्या मांडीवर खळगे दिसतात का हो?"

"कुठे?" नवरा म्हणाला.

बायकोच्या असल्या प्रश्नाला बरोबर उत्तरच नसतं, हे त्याला बावीस वर्षांच्या संसारातही कळलेलं नव्हतं.

केंद्रातल्या डॉक्टरीणबाई गोड होत्या. शंभरातल्या नव्वद बायकांना हे असतंच, म्हणाल्या.

"मग उरलेल्या दहांना काय झालंय?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न केसपेपरवर नोंदवला गेला नाही. नोंद झाली ती अशी: वय सत्तेचाळीस. खळगे डावीकडे अकरा, उजवीकडे चौदा. चेहरा चिंताग्रस्त. उपचार: धक्कालहरी म्हणजे शॉकवेव्ह, सहा बैठका. चिरफाड नाही, सुई नाही, भूल नाही. (भूल आधीच पडलेली असते.)

मांडीला गार जेल लावून डॉक्टरीणबाई यंत्राचा दांडा टेकवत आणि तो, आत कोणी आहे का विचारावं तशी, टकटक करत राही. चार बैठकांनंतर फोटो निघाले. आधीच्या फोटोत पिवळा दिवा आणि वाकलेल्या बाई, नंतरच्यात पांढरा दिवा आणि चवड्यांवर उभ्या बाई. सुधारणा डोळ्यांत भरण्यासारखी होती, विशेषतः दिव्यात.

पूर्ण गुण येईपर्यंत झाकलेलं बरं, म्हणून बाई कमरेला टॉवेल गुंडाळून काठावरूनच शिकवू लागल्या.

एका सकाळी शिकाऊंपैकी एक निवृत्त पोस्टमास्तरीण खोल पाण्यात गेली, घाबरली आणि दिसेनाशी झाली. बाई धावल्या आणि काठावर थबकल्या. टॉवेल सोडला तर मांड्या दिसणार, नाही सोडला तर पाय अडकणार. शेजारी सात बायका उभ्या. चार सेकंद असे गेले. मग टॉवेल भिरकावून त्यांनी उडी मारली आणि पोस्टमास्तरणीला बगलेत धरून वर आणलं.

पोटातलं पाणी निघाल्यावर ती म्हणाली, "बाई, उशीर केलात हो."

"गाठ सुटत नव्हती," बाई म्हणाल्या. खरं तर टॉवेलला गाठ नव्हतीच. नुसता खोचलेला होता.

सातही जणींनी समजुतीने मान डोलावली. मांड्यांकडे एकीचंही लक्ष नव्हतं. याचं बाईंना क्षणभर वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची इतकी लाज वाटली, की त्या ओल्या अंगाने तिथेच बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या टॉवेल न गुंडाळता सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरल्या. उरलेल्या दोन बैठका त्यांनी नको म्हटल्यावर केंद्राने कळवलं, की त्या नियमानुसार अन्य गरजू व्यक्तीच्या नावे करता येतील. ती जागा अद्याप रिकामी आहे. वाचता वाचता ज्यांचा हात नकळत मांडीमागे गेला, त्यांनी आपलं नाव स्वच्छ अक्षरात लिहून पाठवावं. (पुरुष वाचकांनी हसू नये, पोटाचं यंत्र शेजारच्याच खोलीत आहे.)