पास्कल आणि आतड्यातली मरणं

साल दोन हजार तेवीस. मी बहात्तर वर्षांचा. विरारच्या बाजारात, मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या चार बायांदेखत पास्कलने मला विचारलं, "काय नाना, सकाळी कसं झालं? रंग बरा होता ना?"

दुसरा कोणी असता तर त्याच्या टाळक्यात नारळ घातला असता. पण पास्कल हे सगळ्यांनाच विचारायचा. लोक भेटले की 'जेवलात का' म्हणतात, हा दुसऱ्या टोकाने सुरुवात करायचा. त्याच्या पुतणीच्या लग्नात, चर्चच्या पायरीवर, त्याने नवरदेवाच्या बापालाही हेच विचारलेलं मी या कानांनी ऐकलंय.

त्याचं घर माझ्या केळीच्या वाडीला लागून. चाळीस वर्षं तो मुंबईच्या एका इस्पितळात, तपासणीच्या खोलीत कामाला होता. रोग्याच्या आतड्याचा तुकडा यायचा, तो मेणात बसवून हा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, रंगवायचा, काचेवर ठेवायचा. निदान डॉक्टरांचं, पण "पहिला बघणार मी" हे सांगितल्याशिवाय त्याला घास उतरत नसे.

पेन्शनीत निघाल्यावर काचा सुटल्या आणि आम्ही तावडीत सापडलो. मी तिसरीपर्यंत शिकलेला. शाळेने मला सोडलं का मी शाळेला, यावर अजून वाद आहे. त्यामुळे कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. पण मी खोड कापायला घेतलं की कुंपणापलीकडून याची शिकवणी सुरू.

"नाना, केळ घड देऊन आडवी होते, शेजारचा कोंब वर येतो. आतड्याच्या अस्तराचं तेच. चार-पाच दिवसांत जुनी पेशी जाते, नवी येते. कोणी मारत नाही तिला. कधी मरायचं ते तिच्या आतच लिहिलेलं. वेळ झाली की आवराआवर करून निघते. शहाणी असते पेशी, शहाणी!"

"आणि येडी झाली तर?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

पास्कल कुंपणाला रेलला. "मग घोळ. वेळेआधी मरतात, एकदम ढीगभर. काही तर फुटून मरतात, आतला कचरा बाहेर सांडतात. शरीराचे शिपाई धावतात, त्यांना वाटतं दरोडा पडला. सूज येते. सुजेने आणखी मरतात. भिंतीला भोकं पडली की पोटातले जंतू आत शिरतात, सूज आणखी. मग जखमा, मग रक्त."

मी खाली बघून कोयता चालवत राहिलो. कारण मी सहज विचारलं नव्हतं. आठ महिने माझं रक्त जात होतं. दिवसातून सात-सात वेळा धावत होतो. पण ज्याच्या राजेळी केळ्यांना आगाशीपर्यंत नाव, त्याने सुनेसमोर हे कुठल्या तोंडाने बोलायचं? उष्णता असेल असं मीच ठरवलं आणि ताक पीत राहिलो. वर एक हुशारी केली. रोज बीट आणायला लागलो. कोणाला संडासात लाल दिसलंच, तर बीटावर ढकलता यावं. सून बिचारी म्हणायची, "बाबा, रक्त वाढायला खाताय ना? बरं करताय." मी हो म्हणायचो.

तर त्या दिवशी बाजारात पास्कलने माझ्या पिशवीत पाहिलं. "पुन्हा बीट? नाना, तीन दिवस बीट बंद करा, मग मला रंग सांगा."

हे तो अगदी हळू बोलला होता, आता कबूल करतो. मला मात्र वाटलं, याने बाजारात दवंडी पिटली.

"तुझ्या घरात माणूस नाही," मी ओरडलो, "म्हणून लोकांच्या संडासात डोकावत फिरतोस काय रे?"

बाया हसल्या. मग मीही हसलो. पास्कलने हातातली जुडी परत ठेवली आणि भाजी न घेताच गेला.

पाच दिवस कुंपणापलीकडे शांत. बरं झालं, ब्याद टळली, असं मी स्वतःला सांगत होतो. सहाव्या दिवशी दुपारी घड उतरवताना पोटात असा पीळ पडला की कोयता टाकून धावलो. घर गाठता आलं नाही. लेंगा मागून लाल झाला. अंगणात सून शेजारणींबरोबर पापड वाळत घालत होती. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. बांधावर बसून राहिलो.

पास्कल कुंपण ओलांडून आला. त्याने काही विचारलं नाही. स्वतःचा शर्ट काढला, माझ्या कमरेला बांधला आणि बनियनवर माझ्या शेजारी बसला.

"मेरीलाही होतं हे," तो म्हणाला. मेरी त्याची बायको, जाऊन बारा वर्षं झाली. "मी कामावरून आलो की म्हणायची, तुमची आतडी इस्पितळात ठेवून या, मला जेवायचंय. म्हणून मी घरी गप्प. तीही गप्प. मला सांगायची लाज वाटली तिला. मला, नाना! शेवटी पडली तेव्हा तिचा तुकडा माझ्याच टेबलावर आला. नाव वाचलं. तरी मीच कापला. माझ्याइतका पातळ दुसऱ्या कोणाला जमत नव्हता. तेव्हापासून मी सगळ्यांना विचारतो. लोक हसेनात का."

माफी मागायला मी तोंड उघडलं. आयुष्यात कधी मागितली नव्हती. "तुझा शर्ट खराब झाला," एवढंच म्हणालो.

"धुतला की जाईल. सुनेला सांगा. डॉक्टर आत दुर्बीण घालून बघतील. औषधं आहेत. मेरीच्या वेळीसुद्धा होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून चहा घेऊन आली. "बस जरा," म्हणालो, आणि मान खाली घालून आठ महिन्यांचं सगळं सांगितलं. ती रागावली, रडली, फोन शोधायला उठली. मी चप्पल घालून पास्कलच्या दाराशी गेलो. त्याने दार उघडलं.

"बाजारात बोललो ते चुकलं माझं," मी म्हणालो. "आता इस्पितळात बरोबर चल. मला भीती वाटते."