प्रधान सरांचा मोठा नकाशा

आमच्या समोरच्या घरात राहणारे प्रधान सर माणसाची लायकी नकाशावरून ठरवतात. नकाशा म्हणजे अंतराळाचा, तोही कम्प्युटरवरच्या खेळातला. ताऱ्यांवर वसाहती करायच्या, जहाजं बांधायची आणि समोरच्याचे तारे जिंकायचे, असा तो खेळ. डाव मांडताना नकाशा लहान हवा की मोठा, ते निवडावं लागतं. लहान निवडणारा माणूस सरांच्या मनातून कायमचा उतरतो.

"ह्या ताऱ्यावर शिंकलं तर त्या ताऱ्यावर ऐकू जातं! हे अंतराळ? अगं, धामणकर नाक्यावर संध्याकाळच्या गर्दीतही याहून जास्त जागा असते!"

सरांनी जन्मभर भूगोल शिकवला. मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवते. ते निवृत्त झाले, पण शेजार असल्यामुळे माझी सुटका झाली नाही. त्यांचा दिवाळीत मांडलेला डाव होळीला कुठे रंगात येतो. "ही फसवणूक आहे!" हे त्यांचं आवडतं वाक्य. कोपऱ्यावरचा बटाटेवडा लहान झाला तेव्हाही ते गाडीसमोर उभं राहून गरजले, "यांनीही नकाशा कापला!" वडेवाला बिचारा माझ्याकडे बघत राहिला.

यंदा गणपतीत सोसायटीने याच खेळाची स्पर्धा ठेवली. सरांनी स्वतःचं आणि अन्सारी सरांचं नाव दिलं. अन्सारी सर निजामपुऱ्यातले. उर्दू शाळेत गणित शिकवायचे, आणि सरांचे जुने दोस्त. पण सेक्रेटरी निलेशने सगळ्यात लहान नकाशा आणि अर्ध्या तासाचा डाव जाहीर केला. सर मांडवातच भडकले.

"अर्ध्या तासात साम्राज्य? अर्ध्या तासात इथे रिक्षा मिळत नाही!"

"सर, आरतीच्या आधी सगळं आटपायचंय."

"मग लंगडी ठेवा! खोडा आमची दोन्ही नावं!"

हातातला प्रसाद तसाच टेबलावर ठेवून ते निघून गेले. मलाही राग आला. जिन्यात गाठून म्हटलं, "सर, चार माणसांत एवढं चिडायचं कशाला? खेळच तर आहे."

विदर्भात समुद्रकिनारा दाखवणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रविवारी चल माझ्याबरोबर. मोठा नकाशा कसा असतो ते तरी बघ."

रविवारी दुपारी शेअर रिक्षाने आम्ही निजामपुऱ्यात गेलो. गल्लीभर कापड विणणारे लूम धडधडत होते. अन्सारी सर कम्प्युटरसमोर बसलेलेच होते. त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. मध्यंतरी त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, आणि प्रधान सर मला याबद्दल कधी अक्षरही बोलले नव्हते.

"आओ... बेटी," ते सावकाश म्हणाले आणि डावा हात कपाळाला लावला.

दोघं एकाच कम्प्युटरवर आळीपाळीने खेळत. अन्सारी सरांची पाळी आली तशी आपल्या सरांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. समोरच्याची चाल बघायची नाही, हा नियम. आणि त्यांनी तोंड सोडलं.

"काल एकाने म्हणे चहा निवायच्या आत डाव संपवला! अरे, तारे जिंकतोस की शेंगा सोलतोस?"

इकडे अन्सारी सरांच्या डाव्या हातातला माउस थरथरत होता. बाण ताऱ्याच्या पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे जाई. एक जहाज भलत्याच दिशेला गेलं आणि पुढच्या फेरीत त्यांचा एक तारा हातचा गेला. लहान नकाशात तिथेच डाव संपला असता. इथे त्यांच्या मागे अजून कितीतरी तारे शिल्लक होते. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा माउस धरला.

"प्रधान... बस भी करो," ते हसून म्हणाले.

"बस कसं करू, साहेब? ये फसवणूक है!"

क्लिक झालं की सर वाक्य अर्धवट टाकून वळत, आपली चाल क्षणात खेळत आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून तेच वाक्य पुढे ओढत. अन्सारी सरांना जेवढा वेळ लागे, तेवढाच वेळ सरांचा संताप टिके.

मग चहा आला आणि पहिल्याच घोटाला सरांना ठसका लागला. बोलणं थांबलं. बाहेर लूम चालू असूनही टेबलावर माउस घासल्याचा आवाज खोलीत ऐकू येऊ लागला. अन्सारी सरांच्या कपाळावर घाम आला. बाण ताऱ्यावर काही थांबेना. त्यांनी ओशाळून माझ्याकडे पाहिलं.

"वक़्त... लगता है, बेटी."

सर खोकतच होते. मी माझी खुर्ची उचलली, खिडकीकडे वळवली आणि त्यांच्या शेजारी बसले.

"पण सर, मी म्हणते, लहान नकाशात एवढं वाईट काय असतं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं; ठसक्याचं असेल. त्यांनी घसा साफ केला.

"वाईट काय? शाळेत शिकवतेस आणि वर विचारतेस, वाईट काय?"