सालूमावशीचे तीन पोळपाट

सालूमावशी दोन पोळ्या खायची, पण तिच्या ओट्यावर पोळपाट तीन होते. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची सुतळी बांधलेली. अदलाबदल चालत नसे.

शहाडला आमच्या गल्लीच्या आसपास तीन ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे तीन चर्च. आमची जुनी, घंटावाली. दुसरी शाळेच्या हॉलमध्ये भरते, तिसरी हार्डवेअरच्या दुकानाशेजारच्या गाळ्यात. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिन्हीकडे प्रभुभोजन असतं. येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका भाकरीतला तुकडा खायचा. ती बिनखमिराची भाकर तिघांनाही सालूमावशीच करून द्यायची. आम्हाला पातळ, चौकोनी तुकडे पाडलेली हवी. हॉलवाल्यांना जाड, हाताने मोडता येणारी. गाळ्यातल्यांना तळहाताएवढी गोल. दुसऱ्यांचं पीठ आपल्या भाकरीला लागू नये म्हणून प्रत्येक मंडळीने आपला पोळपाट आणून दिलेला.

मावशी तिन्ही पोळपाट मांडायची आणि एकाच परातीतून गोळे काढायची.

"पीठ एकच गं. आकार ज्याचा त्याचा." मग दाराकडे बघून, "पाळकांना सांगू नकोस हं."

पाळकांना, म्हणजे मंडळ्यांच्या धर्मगुरूंना, ती मुळीच घाबरत नसे. भाकर पोहोचवताना प्रत्येकाला बजावायची, उपदेश लवकर आटपा, भाकर वातड होते.

नाताळची फेरी, गुड फ्रायडेचा मंडप, दफनभूमीची साफसफाई हे सगळं तिन्ही मंडळ्या मिळून करायच्या. बैठक मावशीच्या घरी, कारण ते घर कुणा एका मंडळीचं नव्हतं. चहा झाला की मावशी दरवर्षी तेच विचारायची, एकदा तरी प्रभुभोजन एकत्र का घेत नाही? पाळक कपात बघायचे. कुणाला लहानपणीचा बाप्तिस्मा मान्य नव्हता, कुणाला दुसऱ्यांचा पाळक. शेवटी हॉलचे पाळक म्हणायचे, "तेवढं सोडून बोला, मावशी."

ते शब्द तिने उचलले. भाजी आणायची, कोथिंबीर तेवढी सोडून. डॉक्टरांचं सगळं ऐकायची, गोळ्या तेवढ्या सोडून.

ती स्वतः प्रभुभोजन कुठेच घेत नाही, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. गाणी होईपर्यंत आमच्यात बसायची, भाकरीवरचं कापड उचललं की उठायची. मी एकदा कारण विचारलं. ती परात पुसत होती.

"मी जुन्या मंडळीची, आमचे हे हॉलवाले. लग्नानंतरही कुणी आपली सोडली नाही. रविवारी कोपऱ्यापर्यंत बरोबर जायचो, मग ते तिकडे, मी इकडे. शेवटच्या आजारात म्हणाले, सालू, एकदा बरोबर घेऊ. दोन्ही पाळक आले. एकाने त्यांना दिली, दुसऱ्याने मला." तिने परात उपडी घातली. "एका खाटेपाशी दोन ताटल्या. हे भिंतीकडे तोंड करून झोपले. सगळ्यांना एका ताटलीतली मिळाली की घेईन मी."

मिळाली नाही. मावशी गेली तेव्हा नवऱ्याचीच कबर उघडून तिला त्यात ठेवलं. तिन्ही पाळक एका रांगेत उभे होते. कोण कुठल्या मंडळीचं, हे तिथे कुणी विचारलं नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी भाकर करणारं कुणी नव्हतं. आमच्याकडे बेकरीतला स्लाइस ब्रेड कापून ठेवलेला. माझ्याने तो तुकडा खाववेना. रुमालात बांधला आणि दुपारी दफनभूमीत गेले.

हॉलचे पाळक कबरीपाशी आधीच उभे होते. त्यांच्याही हातात रुमाल होता. उघडून दाखवला, तर आत तसाच स्लाइसचा पांढरा तुकडा. स्टेशनजवळ बेकरी एकच आहे.

"गाळ्यातल्यांनीही तिथूनच नेला," ते म्हणाले.

मग त्यांनी आपला तुकडा माझ्यापुढे धरला. मी माझा त्यांना दिला. आम्ही दोघांनी उभ्याउभ्याच खाल्लं. दुपारपर्यंत ब्रेड वातड झाला होता.