दाजी, अफू आणि तीन खुणा

आमच्या घोडपदेवच्या चाळीत दाजी परबांची घोषणा दोन ठिकाणी व्हायची. मोर्चा नाक्यावर आला की दाजी मूठ वर करून ओरडायचे, "संयुक्त महाराष्ट्र..." आणि तिथंच पानवाल्याच्या फळीवर बसायचे. मोर्चा जायचा पुढं. मग एकेका जिन्यावर टेकत टेकत दाजी तिसऱ्या माळ्यावर पोचले, वहिनींनी पाण्याचा तांब्या हातात दिला, की म्हणायचे, "...झालाच पाहिजे!"

गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात तीस वर्षं धुरळा खाल्लेला माणूस. छातीत गिरणी चालू आणि श्वास संपावर. बोलता बोलता मध्येच हात वर करायचे, "थांब, भरतो." म्हणजे हवा भरतो. सगळी चाळ थांबायची. मलाच तेवढा दम नसायचा. एकदा म्हणाले, "बाबल्या, तुझ्या बायकोला..." मी लगेच तिला हाक मारली. ती येऊन दारात उभी राहिली, तेव्हा दाजींची हवा भरून झाली. "...सांगू नकोस, काल खाडा करून तू तमाशाला गेलास ते."

झोपायचेही बसून. दोन वर्षं माणूस भिंतीला टेकून, आणि शेजारी वहिनी पंखा घेऊन.

शेवटी नाक्यावरच्या डॉक्टरांनी एक बाटली दिली. म्हणाले, "गेलेला दम परत येणार नाही, परब. पण जीव घाबरा होतो ना, ते कमी होईल. आडवे होऊन झोपाल. यात थोडी अफू आहे, मापात घ्यायची."

अफू म्हटल्यावर चाळीला तोंड फुटलं. कुणी म्हणालं, एकदा लागली की सुटत नाय. कुणी म्हणालं, डॉक्टरनं आशा सोडली की अफू देतात. आणि दाजींनी बाटली फळीवर ठेवली ती ठेवलीच. "मी काय अफूबाज? थांब, भरतो... त्यापेक्षा बसून मरेन."

वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सांगून बघा. तुमचं ऐकतील."

माझं घरची मांजर ऐकत नाय. पण बाईमाणसानं असं म्हटल्यावर माझी छाती फुगली. रविवारी सकाळी मोर्चाला निघायच्या आधी मी दाजींकडं गेलो, बाटली उचलली आणि म्हटलं, "बघा, मी पिऊन दाखवतो. काय होत नाय!"

बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली. एक खूण म्हणजे एक डोस, एवढं माझ्यासारख्या अंगठेबहाद्दरालाही कळतं. पण पहिलाच घोट कडूजहर! वहिनींसमोर तोंड वाकडं कसं करायचं? मर्दासारखा तीन खुणा खाली उतरलो.

त्या दिवशी महाराष्ट्र माझ्याशिवाय भांडला. मी दाजींच्या खोलीत जमिनीवर आडवा. डोळे उघडले तेव्हा दुपार कलली होती. दाजींचा तळहात माझ्या छातीवर, आणि त्यांचा सदरा घामानं चिंब. बाजूला डॉक्टर. "गाढवा, दुसऱ्याचं औषध पितोस? तेही तीन डोस? तुझा श्वासच बंद पडला असता!"

वहिनी म्हणाल्या, "हे स्वतः गेले डॉक्टरांना आणायला. जिन्यावर एकदापण बसले नाहीत."

मी हसण्यावारी नेलं. "दाजी, मी मेलो असतो तर आमच्या हिनं पेढे वाटले असते."

दाजी हसले नाहीत. हातही काढला नाही.

"आमचा विठू... थांब, भरतो." बराच वेळ ते नुसतेच भरत राहिले. "सहा महिन्यांचा. आमची दोघांची गिरणीत पाळी, घरात कोण नाय. तेव्हा सगळेच द्यायचे बाळगोळी. अफूची. पोर निजून राहायचं. त्या दिवशी रडत होता. दुसरी गोळी... मी दिली. भोंगा झाला होता ना."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. वहिनी उठल्या. बाटली डॉक्टरांपुढं धरली. "एक डोस म्हणजे किती, ते माझ्यासमोर मोजा."

डॉक्टरांनी मोजून चमच्यात ओतलं. वहिनींनी चमचा दाजींच्या तोंडाशी नेला.

"मी उठलो नाय तर?"

"मी आहे ना जागी."

"तेव्हापण आपण..."

"तेव्हा आपण दोघं गिरणीत होतो," वहिनी म्हणाल्या. "आज मी कुठं जात नाय."

दाजींनी तोंड उघडलं. त्या संध्याकाळी दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांची पाठ गादीला लागली.