ग्योंगजूच्या रांजणाची मोहीम

कोरिया देशी शिल्ला दौलतीचे तख्त ज्या ग्योंगजू नगरी होते, तेथे रांजणापायी जो रणसंग्राम जाहला त्याची हकीकत चित्त देऊन ऐकावी. आदौ या दौलतीचा मूळपुरुष अंड्यातून निघाला, आणि सहा गावच्या मुखत्यारांनी त्यास राजा केले, आणि अंडे कोणाचे, परवाना कोणाचा, हे एकानेही पुसले नाही. मग सुवर्णमुकुट जाहले, टेकड्यांएवढी थडगी जाहली.

ऐशा पुण्यभूमीत पाक घराण्याच्या कुलवधू गुमबुन आजी, उमर वर्षे अठ्ठ्याहत्तर, यांनी किमचीचा, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचा, रांजण रिवाजाप्रमाणे जमिनीत पुरावा म्हणोन परसात कुदळ घातली, आणि कुदळ खापरावर वाजली, तो तीन खात्यांची फौज चालोन आली! अंड्यास माफी आणि आजीस चौकशी. वाहवा रे इन्साफ!

फितुरी घरातलीच. सूनबाई हेरिम यांचे मनी किमचीचा फ्रिज फार दिवस घोळत होता, आणि यंदा रांजण जमिनीत न गेला तर फ्रिज येणार ऐसा करार ठरला होता. सबब खापर दिसताच त्यांनी जुनी वस्तू निघाल्यास सरकारास कळवावे या कायद्यावर बोट ठेवोन कचेरीस फोन लाविला. इकडे ओसरीवर कोबीचे साठ गड्डे पिवळे पडो लागले.

"आई, आता तरी हट्ट सोडा ना!"

"तू गप गं! फोन करताना बरी जीभ चालली तुझी!"

मग खोदकामाचे सरदार ग्वाक साहेब ब्रश आणि चमचा ऐशी आयुधे घेऊन तीन दिवस मोर्चे लावोन बसले, आणि मुकुट निघेल या आशेने जेवणही विसरले. चौथे दिवशी गळ्यापर्यंत पुरलेला एक ढेरपोट्या रांजण निघाला. साहेबांचे तोंड उतरले.

"मुकुट-बिकुट काही नाही, आजी. कुण्या बाईचं साठवणीचं मडकं आहे. दीड हजार वर्षांचं."

आजी खड्ड्याकाठी बसल्या आणि मडक्यासच बोलो लागल्या.

"टेकडीच्या सावलीचा कोपरा! अगदी माझीच जागा की गं बाई! मला सासूबाईंनी दाखवली. तुला कुणी दाखवली?"

आजींस भरून आले, आणि सूनबाईंची मान खाली गेली.

मग मडके अजायबखान्यात रवाना जाहले, आणि खड्डा तत्काळ बुजवावा ऐसा साहेबांचा हुकूम सुटला. कशाने बुजवावा, याचे कलम हुकुमात नव्हते. आजींनी कोबीस मीठ लाविले, आणि सूनबाईंनी बाह्या सारोन मिरचीचे वाटण हाती घेतले.

येणेप्रमाणे साठ गड्डे कामी आले, रांजण गळ्यापर्यंत जमिनीत गेला, फ्रिजची मसलत मोडली, आणि आजींनी सूनबाईंचा लाल हात धरोन तो कोपरा त्यांस नीट दाखविला, हे दप्तरी दाखल असे.