दोन नंबरची रेघ

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी कुणाची री ओढणारा माणूस नाही! अख्खं जग एका बाजूला गेलं तरी माझ्या डोळ्यांना दिसतं तेच मी बोलतो. बायको याला हेकटपणा म्हणते. म्हणू दे!

म्हणूनच मेव्हणीच्या मुलीने, आमच्या चिमणीने, तिच्या प्रयोगासाठी मदत मागितली तेव्हा मी छाती फुगवून तयार झालो. पोरगी मानसशास्त्र शिकते. चारचौघांच्या दबावाखाली शहाणा माणूसही डोळ्यांसमोरचं नाकारतो का, हे तिला बघायचं होतं. कार्डावर तीन रेघा आणि सर्वांत लांब कोणती, एवढाच प्रश्न. आम्ही चौघे कटात सामील : मी, बायको, साडू आणि शेजारच्या काकू.

"लांब रेघ पहिली आहे," चिमणीने बजावलं. "पण तुम्ही सगळ्यांनी ठामपणे 'दोन' म्हणायचं. उद्या अहवाल द्यायचाय, काका. हा प्रयोग फसला तर माझं वर्ष गेलं!"

"मी आहे ना!" असं म्हणताना माझा हात हलला आणि कपातला चहा थेट कार्डावर! बिचारीने धावतपळत नव्या कार्डावर पुन्हा रेघा काढल्या.

आता बकरा कोण? माझे सासरे! निवृत्त मुख्याध्यापक. चौघांनी "उकडतंय" म्हटलं की हे स्वेटर घालणार! त्यांना वाकवायला मिळणार म्हणून, लग्नानंतर पहिल्यांदाच, मी आनंदाने त्यांच्या शेजारी बसलो.

चिमणीने कार्ड समोर धरलं. पहिली रेघ लांब! लख्ख दिसत होती! खोटं बोलताना जीभ अडखळली, पण भाचीसाठी तेही केलं.

"दोन," मी म्हणालो.

"दोन," बायको.

"दोन," साडू.

"अगदी दोनच!" काकू.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. कार्डाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. "दोन."

मी उडीच मारली. "वाकले! बाबा वाकले!"

"मी कशाला वाकेन, जावईबापू? दोन लांब आहे म्हणून दोन म्हटलं."

"अहो, लांब एक आहे! आम्ही मुद्दाम खोटं बोललो! विचारा हिला!"

"ढळढळीत एक आहे, बाबा," बायको म्हणाली.

"मला मोतीबिंदू आहे, तरी दिसतेय!" काकू म्हणाल्या.

"पट्टी आणा," सासरे शांतपणे म्हणाले.

चिमणीने पट्टी लावली. पुन्हा लावली. मग पडलेल्या तोंडाने म्हणाली, "घाईघाईत मी दुसरीच लांब काढली."

आम्ही चौघे कार्डावर ओणवे झालो. काय सांगू, दोन नंबरची रेघ चांगली बोटभर लांब होती!

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बुडाला माझा प्रयोग!"

"रडतेस काय, वेडे?" सासरे म्हणाले. "झक्क झालाय प्रयोग. मी कार्डाकडे बघून बोललो. या चौघांनी तू सांगितलंस तेच पाहिलं!"

चिमणीचे डोळे चमकले. "मग अहवालात 'वाकलेले' म्हणून तुम्हा चौघांना घातलं तर चालेल?"

"चालेल," बायको म्हणाली.

"चालेल," साडू.

"न चालायला काय झालं?" काकू.

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. मला अजिबात चालणार नव्हतं! मी घसा खाकरला, छाती पुढे काढली आणि ठणकावून सांगितलं, "चालेल!"